टपालाने बेसबॉल कार्डं कशी जमवावीत आणि धड कशी पोचवावीत

सिॲटलमध्ये राहून इथल्या मॅरिनर्स या बेसबॉल संघाची कार्डं जमवायची असतील तर ती सिॲटलमध्ये शोधत बसू नका. इथल्या दुकानांत मॅरिनर्सच्या इचिरो सुझुकीचं कार्ड आलं की गेलं. तेच कार्ड मिलवॉकीत ब्रुअर्स या तिथल्या संघाच्या एखाद्या चाहत्याच्या घरी बुटांच्या खोक्यात वर्षानुवर्षं पडून असतं. कार्डांची पुडकी फोडत गेलं की लीगमधल्या तीसही संघांची कार्डं निघतात आणि त्याला हवी असतात फक्त त्याच्या संघाची. माझ्याकडेही असाच ब्रुअर्सनी भरलेला खोका असतो. मी त्याला ब्रुअर्स पाठवते, तो मला मॅरिनर्स पाठवतो. चौदा वर्षं माझं हेच चाललंय आणि माझा बहुतेक संग्रह असाच, पाकिटा-पाकिटांनी, घरी आला आहे.

आधी कुंपण घाला

"इचिरोची सगळी कार्डं जमवणार" असं ठरवू नका. 2001 साली तो जपानहून आला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही मान घेऊन गेला. 2004 मध्ये त्याने एका हंगामात 262 हिट्स मारून जॉर्ज सिस्लरचा 1920 पासून टिकलेला 257 चा विक्रम मोडला. अशा खेळाडूची कार्डं कंपन्या छापतच राहतात. एकाच चित्राची सोनेरी कडेची, निळ्या कडेची, चमकती, क्रमांक घातलेली अशी डझनभर रूपं निघतात. सगळ्यांच्या मागे लागलात तर पैसा संपेल आणि उत्साह त्याच्याही आधी.

माझं कुंपण असं: इचिरो फक्त मॅरिनर्सच्या गणवेशातला, आणि दर वर्षीच्या मुख्य संचांतली फक्त साधी बेस कार्डं, म्हणजे खास कड, चमक किंवा क्रमांक नसलेली मूळ रूपं. 2012 च्या जुलैमध्ये तो न्यू यॉर्कच्या यँकीज संघाकडे गेला, त्यामुळे त्या वर्षीचं कार्ड मागताना गणवेश लिहावाच लागतो. 2018 मध्ये तो परत आला आणि मार्च 2019 मध्ये टोकियोत शेवटचा सामना खेळला. तिथवर माझी यादी जाते.

संघ जमवणाऱ्यांनी आणखी एक ठरवून टाकावं: बोधचिन्ह नसलेली कार्डं घ्यायची की नाही. 2010 पासून संघांची बोधचिन्हं छापायचा हक्क फक्त टॉप्स या कंपनीकडे आहे. त्यानंतरच्या पानिनी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवर खेळाडू असतो, "सिॲटल" असतं, पण टोपीवरचं चिन्ह पुसलेलं असतं. मी ती घेत नाही. बिनचिन्हाची टोपी मला डोळ्यांनी सहन होत नाही.

यादी

"मॅरिनर्सचं काहीही चालेल" ही यादी नव्हे. वर्ष, कंपनी, संच, क्रमांक, रूप: पाचही गोष्टी लिहा. "2001 टॉप्स, 726, बेस" असं लिहिलं की समोरच्याला खोक्यात नेमका हात घालता येतो. 2001 च्या बोमन क्रोम या चकचकीत कार्डांच्या संचात इचिरोचं कार्ड इंग्रजी आणि जपानी अशा दोन मजकुरांत आहे. कुठलं हवं ते लिहिलं नाहीत तर नको ते येईल आणि दोष तुमचाच असेल. क्रमांक ट्रेडिंग कार्ड डेटाबेस या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात.

तुमच्याकडे द्यायला काय आहे त्याचीही अशीच यादी करा, संघवार.

देवाणघेवाण ठरवणं

हे सोपं आहे. ज्याचे व्यवहार कमी झालेत त्याने आधी पाठवायचं. कार्ड महागातलं असेल तर पुढून, मागून आणि उजेडात तिरकं धरून असे तीन फोटो मागायचे. तिरक्या फोटोतच ओरखडे दिसतात. पत्ते कळले की दोन दिवसांत पाठवायचं.

पाकीट

इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. सगळ्यात फिरलेला सल्ला असा: कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या पेनी स्लीव्हमध्ये घाला, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खोळीत घाला, टॉपलोडर साध्या पांढऱ्या पाकिटात घाला, तिकीट लावा, झालं. मीही पहिली दोन वर्षं हेच करत होते. मग विस्कॉन्सिनच्या एकाला मी इचिरोचं 2001 चं अप्पर डेक कंपनीचं कार्ड, क्रमांक 271, असंच पाठवलं. पाकीट त्याला वेळेत पोचलं. एका बाजूने चिरलेलं, आत माझी चिठ्ठी, आणि कार्ड नाही. त्याने फोटो पाठवला तेव्हा ती चीर बघून मला पहिल्यांदा कळलं की चूक बांधणीची होती, आणि बांधणी माझी होती. मी त्याला दुसरं 271 विकत घेऊन पाठवलं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा कुणाचा सल्ला विचारावा लागणार नाही. अमेरिकेत साधं पाकीट हाताने वाटलं जाण्याआधी यंत्रातून जातं. तिथे ते पट्ट्यांच्या आणि चाकांच्या मधून वेगाने धावतं आणि वळणावर वाकतं. नियमच असा आहे की यंत्रातून जाणारं पत्र 11 इंच व्यासाच्या ढोलाभोवती सहज वाकलं पाहिजे. 11 इंच म्हणजे आपलं जेवणाचं ताट. टॉपलोडर ताटाच्या कडेभोवती वाकत नाही. तो सरळच राहतो, कागद वळतो, आणि टॉपलोडरचा कोपरा कागद फाडून बाहेर येतो. तुम्ही कार्ड वाचवायला जितकं कडक काही घालाल तितकं पाकीट फाटायची शक्यता वाढते. यंत्रातून न जाणाऱ्या पत्राचं जादा शुल्क भरून वर तसं लिहिता येतं, पण तेवढ्यावर मी महाग कार्ड सोडणार नाही.

म्हणून माझा नियम पक्का आहे. एक तर पाकीट वाकेल असं बांधा आणि तिकिटावर पाठवा, नाहीतर कडक बांधा आणि बबल मेलरमध्ये, म्हणजे आतून फुग्यांचं अस्तर असलेल्या पाकिटात घालून पार्सल म्हणून पाठवा. साध्या पाकिटात टॉपलोडर हा मधला मार्ग बंद समजा.

वाकणारं पाकीट असं बांधा. हे फक्त साध्या, दोनपाच डॉलरच्या आतल्या कार्डांसाठी. कार्ड पेनी स्लीव्हमध्ये घाला. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने किंचित तिरका कापलात तर कार्ड घालताना त्याचा कोपरा अडत नाही. नव्या माणसाच्या हातून कार्डाचे कोपरे टपालाआधी इथेच मोडतात. मग पास्त्याच्या किंवा सिरियलच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा पाकिटापेक्षा जरासा लहान कापा आणि मधोमध दुमडा. त्यात कार्ड ठेवून पेंटर्स टेपच्या, म्हणजे रंगारी वापरतात त्या सहज निघणाऱ्या पट्टीच्या छोट्या तुकड्याने स्लीव्ह पुठ्ठ्याला धरून ठेवा. पुठ्ठा जवळपास पाकिटाएवढाच हवा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. मध्येच उंचवटा आला की चाक तिथेच अडतं. एकूण जाडी पाव इंचाच्या आत ठेवा. एक कार्ड साधारण पावणेदोन ग्रॅमचं असतं, तेव्हा पुठ्ठा धरून दोनतीन कार्डं एका औंसात, म्हणजे 28 ग्रॅमांत, सहज बसतात. बंद केल्यावर पाकीट दोन्ही हातांत धरून हलकं वाकवून बघा. वाकलं तर टाका, अडलं तर उघडा आणि काहीतरी कमी करा.

"पण मग कार्डही वाकेल ना?" हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. वाकतं, आणि परत सरळ होतं. कागदी बेस कार्डाला ताटाच्या घेराएवढा बाक काहीही करत नाही. एखादं नको असलेलं कार्ड घेऊन घरी करून बघा. क्रोम, जाड किंवा जर्सीचा तुकडा घातलेलं कार्ड मात्र असं कधीही पाठवू नका.

आता कडक बांधणी. स्लीव्ह, मग टॉपलोडर. टॉपलोडर नवा घ्या. जुन्यात धूळ असते आणि ती कार्ड घासते. साध्या कार्डाला 35 पॉइंटचा (पॉइंट म्हणजे जाडीचं माप, इंचाचा हजारावा भाग) पुरतो, जाड कार्डाला जाडीप्रमाणे मोठा. टॉपलोडर टीम बॅगमध्ये, म्हणजे झडप चिकटणाऱ्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. त्याने कार्ड घसरून बाहेर येत नाही, आणि सिॲटलच्या पावसात पाकीट टपालपेटीत भिजलं तरी आत ओल जात नाही.

टीम बॅग नसेल तर टॉपलोडरच्या तोंडावर निळी पेंटर्स टेप लावा आणि तिचं एक टोक दुमडून शेपूट ठेवा, म्हणजे समोरच्याला नख न लावता ओढता येईल. पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. कधीही नको, एवढासा तुकडासुद्धा नको.

हे मी इतकं ठासून का सांगते? माझ्याकडे मॅरिनर्सच्या केन ग्रिफी ज्युनियरचं 1989 चं अप्पर डेक आलं होतं. संचातलं क्रमांक एकचं कार्ड, खांद्यावर बॅट टेकवून हसणारा कोवळा पोरगा. ग्रिफी तेव्हा सॅन बर्नार्डिनोच्या कनिष्ठ संघातून खेळला होता. फोटोतली टोपी त्या संघाची होती आणि छपाईआधी ती बदलून मॅरिनर्सची केली. मला त्या टोपीसाठीच ते कार्ड हवं होतं. पाठवणाऱ्याने स्लीव्ह घातलीच नव्हती आणि टॉपलोडरचं तोंड पारदर्शक पट्टीने बंद केलं होतं. पट्टी निघाली, पण कडेला डिंकाची बारीक रेघ राहिली. मी टॉपलोडर उलटा करून तळहातावर टिचकी मारली. कार्ड अर्धं बाहेर आलं आणि त्या रेघेला चिकटलं. मी हळूच ओढलं तरी चकाकीचा पापुद्रा सुटलाच, नखाएवढा, बरोबर टोपीच्या वर. खालचा पांढरा कागद दिसायला लागला. आठ महिने शोधून मिळालेलं कार्ड होतं ते. अजून माझ्याकडे आहे, पण वहीत लावलेलं नाही.

टीम बॅगेच्या दोन्ही बाजूंना पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे ठेवा, टॉपलोडरपेक्षा सगळीकडून बोटभर मोठे. एका तुकड्याच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येऊ द्या. पन्हळीच्या रेषेवर पुठ्ठा कागदासारखा दुमडतो. दोन दिशा असल्या की दुमडायला रेषच उरत नाही. हे मला एका म्हाताऱ्या संग्राहकाने पाठवलेलं पार्सल उघडताना कळलं, त्याने शब्दही लिहिला नव्हता. पुठ्ठ्यांच्या चारही कडांना टेप लावा आणि बबल मेलरमध्ये घाला. कार्ड आत हलत असेल तर कागद चुरगाळून कोंबा. कानाजवळ हलवा, आवाज आला तर बांधणी झालेली नाही.

पार्सल अमेरिकी टपालखात्याच्या ग्राउंड ॲडव्हान्टेज सेवेने पाठवा. मागोवा मिळतो आणि 100 डॉलरपर्यंतचा विमा त्यातच असतो.

पन्नास-शंभर कार्डांचा गठ्ठा

रबर बँड लावू नका. कडांना खाचा पडतात, आणि उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं. तीसेक कार्डं एका टीम बॅगेत, वर-खाली एकेक टाकाऊ कार्ड, आणि पुठ्ठ्याचा छोटा खोका. बस.

सही मागायची असेल तर

कार्ड, चार ओळींचं हाताने लिहिलेलं पत्र आणि तुमचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, असं संघाच्या पत्त्यावर पाठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मॅरिनर्स ॲरिझोनातल्या पिओरियात सरावाला असतात, तेव्हा तिथे पाठवावं. एका पत्रात एक किंवा दोनच कार्डं पाठवा. चकचकीत कार्डावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, म्हणून कागदी कार्डच पाठवा. जे परत आलं नाही तर जीव जळेल असं कार्ड पाठवूच नका.

तुमच्याकडे पाकीट आलं की

पाकीट उजेडासमोर धरा, कार्डाची सावली कुठे आहे बघा, आणि उलट्या बाजूची आखूड कड कात्रीने कापा. सुरी वापरू नका. तोंडावर पारदर्शक पट्टी असलेला टॉपलोडर आला तर कार्ड तोंडातून काढू नका. टॉपलोडरची खालची कड कापा आणि तिकडून काढा. टॉपलोडर जाईल, जाऊ दे. क्रमांक यादीशी ताडून बघा, कोपरे बघा, काही बिघडलं असेल तर लगेच फोटो काढा. मग पाठवणाऱ्याला त्याच संध्याकाळी कळवा. त्याने पेंटर्स टेपला शेपूट ठेवलं असेल तर तेही लिहा, त्याला बरं वाटेल.