हलाल पैसा: कॉलेजच्या पोरापोरींनो, या चुका टाळा

सोलापुरात विजापूर वेशीपासून विद्यापीठापर्यंत कुठल्याही मुस्लिम पोराला विचारा, व्याज हराम का? लगेच हो म्हणणार, आणि हातातला फोन मात्र ईएमआयवरचा. पैसा कुठून कसा फिरतो ते कोणी बघत नाही, घोळ तिथंच होतो.

नो कॉस्ट ईएमआयचंच घ्या. कार्डाचं स्टेटमेंट नीट उघडून बघा, बहुतेक वेळा त्यात व्याज लावलेलं असतं, तेवढीच सूट आधी मिळालेली असते म्हणून फुकट वाटतं, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून. करार व्याजाचाच झाला ना. दुकानदार स्वतः हप्ते बांधून देत असेल, किंमत आधीच पक्की आणि उशीर झाला तरी वाढणार नाही, तर बहुतेक आलिम (धर्माचे जाणकार) त्याला हरकत घेत नाहीत.

आता भिशी. चिठ्ठी काढून नंबर लागतो ती भिशी ठीक, सगळ्यांना सारखीच रक्कम मिळते. लिलावाची भिशी मात्र बघा: दहा जण, प्रत्येकी २,००० रुपये, जमले २०,०००. एकाला फी भरायचीय म्हणून तो १७,००० वर उचलतो आणि राहिलेले ३,००० बाकीचे वाटून घेतात. अडलेल्या दोस्ताकडून घेतलेले पैसे आहेत ते, त्याला नफा म्हणा नाहीतर डिव्हिडंड म्हणा, काय फरक पडतो?

जकातीत, म्हणजे साठलेल्या संपत्तीवर दरवर्षी काढायच्या सक्तीच्या दानात, तोळ्याचा गोंधळ फार. सराफ तोळा १० ग्रॅमचा धरतो, निसाबाचा (जेवढ्या संपत्तीपासून जकात लागते ती मर्यादा) तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्यामुळं साडेसात तोळे सोनं म्हणजे ७५ नाही, ८७.४८ ग्रॅम, आणि साडेबावन्न तोळे चांदी ६१२.३६ ग्रॅम. दुसरं, हनफी पद्धतीत (इस्लामी कायद्याची एक परंपरा) सोन्याबरोबर थोडी रोख जरी असली तर दोन्हीची किंमत चांदीच्या निसाबाशी लावतात, त्यामुळं "मी स्टुडंट, मला कसली जकात" म्हणणारी मुलगी आईनं दिलेल्या दोन बांगड्या आणि स्कॉलरशिपच्या पैशांमुळं सहज जकातीत बसू शकते. (रूममेट कोकणातली शाफई (दुसरी परंपरा) असेल तर तिच्या अंगावरच्या दागिन्यांचा नियम वेगळा, तिचं बघून आपलं ठरवू नका.)

"हलाल इन्व्हेस्टमेंट, दर महिन्याला फिक्स परतावा" असा मेसेज आला की सरळ डिलीट करा. धंद्यात भागीदारी म्हटल्यावर नफा फिक्स कसा असेल? बेंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी हलालच्याच नावावर चालली आणि २०१९ ला हजारो लोकांचे पैसे अडकले. शेअरच घ्यायचे तर शरिया इंडेक्समधल्या (इस्लामी नियमात बसणाऱ्या शेअरची यादी) कंपन्या बघा, आणि फंड असेल तर सेबीचं रजिस्ट्रेशन स्वतः तपासा, मस्जिदीबाहेर कोण ओळखीचं भेटलं म्हणून नाही.

सेव्हिंग खात्यात व्याज तर जमा होणारच, आपल्याकडं इस्लामिक बँक नाहीच, रिझर्व्ह बँकेनं २०१७ ला तो विषय पुढं न्यायचं नाही असं ठरवलं. बहुतेक आलिम सांगतात, ती रक्कम सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरजूला देऊन टाका. पण काही जण तीच रक्कम जकात म्हणून देतात आणि हिशोब मिटला म्हणतात. नाही मिटत. जकात आपल्या हलाल पैशातून वेगळी काढायची.