पत्त्याचे तुकडे एका ओळीत: पायथनमध्ये स्ट्रिंग कशा जोडाव्यात

घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिन. फॉर्ममध्ये हे पाच रकाने वेगवेगळे भरून येतात आणि लिफाफ्यावर एका ओळीत छापायचे असतात. स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, जोडताना होणाऱ्या बहुतेक चुका या एवढ्याशा कामात भेटतात. उदाहरणे पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेतली आहेत. त्यात व्हेरिएबलची (माहिती साठवायच्या कप्प्यांची) नावे देवनागरीत चालतात, आकडे मात्र 0 ते 9 असेच टाकावे लागतात.

दोन-तीन तुकडे असतील तर अधिकचे चिन्ह पुरते:

गाव = "फर्मागुडी"
तालुका = "फोंडा"
पत्ता = गाव + ", " + तालुका

स्वल्पविराम आणि त्यापुढची मोकळी जागा आपणच द्यायची, नाहीतर "फर्मागुडीफोंडा" छापून येते.

आता पिन जोडा. पिन = 403401 असा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला असेल, तर पत्ता + पिन म्हणताच टाइपएरर येते, कारण पायथन मजकूर आणि संख्या आपणहून एकत्र करत नाही. जावास्क्रिप्ट करते, आणि तिथे 1 + 2 + "3" चे उत्तर "33" निघते! त्यापेक्षा एरर परवडली. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, ते सुरुवातीपासून स्ट्रिंगच ठेवावेत. गोव्याचा एसटीडी कोड ०८३२ एक्सेलमध्ये संख्या म्हणून भरला की ८३२ उरतो.

तयार वाक्यात मधेमधे व्हेरिएबलमधली माहिती भरायची असेल, तर अवतरणचिन्हाआधी एफ हे छोटे रोमन अक्षर लावा आणि व्हेरिएबल महिरपी कंसात लिहा. ही सोय ३.६ आवृत्तीपासून आहे. संख्येचे रूपांतरही इथे आपोआप होते.

पाच तुकड्यांसाठी जॉइन मेथड वापरा. आधी यादी:

भाग = ["घर क्र. 45/अ", "", "फर्मागुडी", "फोंडा", "403401"]

जॉइन यादीवर नाही, विभाजकावर चालते: ", " या स्ट्रिंगपुढे टिंब, मग जॉइन, आणि कंसात यादी. वाड्याचा रकाना रिकामा असल्याने उत्तर असे येते:

घर क्र. 45/अ, , फर्मागुडी, फोंडा, 403401

तो लोंबकळणारा स्वल्पविराम नको असेल तर जोडण्याआधी यादी साफ करा. नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) असलेले आणि रिकामे तुकडे गाळा, उरलेल्यांवर स्ट्रिप चालवून कडेच्या मोकळ्या जागा काढा, आणि नुसत्या मोकळ्या जागेचा एखादा तुकडा त्यामुळे रिकामा झाला असेल तर तोही गाळा. वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात शून्य रुंदीची जागा लपलेली असू शकते. स्ट्रिप तिला हात लावत नाही, ती रिप्लेसने काढावी लागते. यादीत चुकून संख्या राहिली तर एररमध्ये तुकड्याचा क्रमांक दिसतो, पण मोजणी शून्यापासून असते: ४ म्हणजे पाचवा तुकडा.

यादीऐवजी एकटी स्ट्रिंग दिलीत तर एरर येत नाही, आणि खरा घोळ इथेच होतो. "फोंडा" दिल्यास पायथन त्याचे फ, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ड आणि काना असे पाच भाग पाडून प्रत्येकामध्ये स्वल्पविराम घालते. सुट्या पडलेल्या मात्रा पडद्यावर बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेल्या दिसतात. असे दिसले की चौकोनी कंस राहून गेलेत असे समजा.

हजारो पत्ते एका फाइलसाठी जोडायचे असतील तर लूपमध्ये (तोच आदेश पुन्हा पुन्हा चालवताना) अधिकचे चिन्ह वापरू नका. स्ट्रिंग बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक जोडणीत आधीचा सगळा मजकूर नव्याने कॉपी होऊ शकतो. ओळी यादीत अपेंड करत जा (शेवटी जोडत जा), आणि शेवटी नव्या ओळीच्या चिन्हावर एकदाच जॉइन चालवा.

डेटाबेसची क्वेरी (त्याला माहिती विचारणारा आदेश) मात्र यातल्या कुठल्याच पद्धतीने जोडू नये. डिसोझा हे आडनाव रोमनमध्ये अपॉस्ट्रॉफी घालून लिहितात. ती अपॉस्ट्रॉफी क्वेरीतले अवतरणचिन्ह मधेच बंद करते आणि क्वेरी कोसळते. याच फटीतून कोणी मुद्दाम स्वतःचा आदेशही घुसवू शकतो. पायथनमधून एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरताना क्वेरीत नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह ठेवा, आणि नाव एक्झिक्यूटला दुसरे पॅरामीटर म्हणून टपलमध्ये (गोल कंसातल्या यादीत) द्या. टपलात एकच नाव असेल तर त्यापुढे स्वल्पविराम हवाच.