रोबोची ड्राइव्हट्रेन: पहिला पाइप कापण्याआधी

स्पर्धेचा रोबो बांधायचा म्हणून नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत जायची घाई करू नका. आधी वहीत एक पान आखा आणि ड्राइव्हट्रेनच्या (मोटरचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या जोडणीच्या) प्रत्येक भागापुढे ग्रॅममध्ये वजन लिहा: मोटर, चाक, हब (चाक शाफ्टला जोडणारा मधला भाग), शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), बेअरिंग, पाइप आणि नट-बोल्टसुद्धा. नट-बोल्ट हमखास राहून जातात, मग काट्यावर ठेवले की डोळे पांढरे होतात. रोबो बांधून झाल्यावर वजन उतरवायला बसलं की हात ड्रिलकडे जातो आणि नको तिथे भोकं पडतात.

मग टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, हिशेब. समजा बॅटरीसकट रोबो २५ किलोचा आहे आणि चाकाच्या रबराची स्पर्धेच्या मॅटवरची पकड (घर्षणांक) ०.८ धरली. म्हणजे चाकं मिळून साधारण १९६ न्यूटनने ढकलू शकतात. १०० एमएम व्यासाची चार चाकं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच न्यूटन-मीटरच्या आसपास येतं. त्याहून जास्त टॉर्क दिला तर चाक जागेवर घसरेल, म्हणून त्याहून मोठी मोटर म्हणजे नुसतं ओझं. शाफ्ट मात्र याच्या दुपटीला तपासा, कारण रोबो एका बाजूला झुकला की अर्धा भार एकट्या चाकावर येतो. वेगही आत्ताच बघून घ्या: हे चाक मिनिटाला ३०० फेरे फिरलं तर सेकंदाला दीड मीटरहून थोडं जास्त अंतर जातं.

आता शाफ्ट, आणि इथे वेळ द्या. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या रोबोत चाकाचा हब फक्त ग्रब स्क्रूवर (हबमधून शाफ्टवर टेकणारा बिनडोक्याचा स्क्रू) धरलेला होता. सरावात रोबो डावीकडे ओढायला लागला. दोन दिवस आम्ही कोड तपासत बसलो. शेवटी हब उपसला, तर १२ एमएमच्या शाफ्टवर स्क्रूच्या टोकाने गोल चरा पाडलेला, त्यात चकचकीत कीस अडकलेला. शाफ्ट पूर्ण फिरत होता, चाक मागे राहत होतं. तेव्हा की-वे (लोखंडी चावी बसवायची खाच) पाडून घ्या किंवा षटकोनी शाफ्ट वापरा. ग्रब स्क्रू चाक बाजूला सरकू नये एवढ्यासाठीच ठेवा.

चाकाला दोन्ही बाजूंनी बेअरिंगचा आधार द्या. जागाच नसेल आणि चाक बाहेर लटकवावं लागलं, तर ते बेअरिंगच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या. बाहेर आलेली लांबी निम्मी केली तर साध्या हिशेबाने वाक आठव्या हिश्श्यावर येतो. सर्क्लिपची (शाफ्टवरचा भाग सरकू न देणाऱ्या स्प्रिंगच्या कडीची) खाच बेअरिंगच्या बाहेर, शाफ्टच्या टोकाशी घ्या. वाक पडतो तिथे खाच असेल तर शाफ्ट तिथूनच तुटतो. वजन काढायचं असेल तर शाफ्ट पोकळ करा. १६ एमएमच्या शाफ्टला मधून ८ एमएमचा बोर मारला की वजन पाव भागाने उतरतं आणि ताकद जेमतेम ६ टक्क्यांनी. हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांना शाफ्टच्या चित्रासोबत बेअरिंगही नेऊन द्या, म्हणजे फिट ते हातात घेऊन बघतील.

चासीसाठी ॲल्युमिनियम घेताना ग्रेड विचाराच. दाराखिडक्यांचा सेक्शन बहुतेक ६०६३ असतो, तो ६०६१-टी६ पेक्षा (टी६ म्हणजे उष्णता-प्रक्रियेने कडक केलेला) नरम. टी६ ची ताकद साध्या लोखंडाच्या तोडीची आणि वजन एक तृतीयांश. पण ताठपणाही एक तृतीयांशच, हे विसरलं की चासी लवते आणि चेन उतरते. म्हणून पट्टीऐवजी चौकोनी पाइप घ्या. २५ बाय २५ चा, २ एमएम जाडीचा पाइप मीटरला अर्धा किलो भरतो. वेल्डिंग टाळा, उष्णतेने टी६ ची ताकद सांध्यापाशी बरीच जाते; गसेट प्लेट (सांध्यावरची जोडपट्टी) लावून रिव्हेट किंवा बोल्ट मारा. बोल्ट पाइपच्या आरपार जात असेल तर आत स्पेसर (दोन भिंतींमध्ये बसणारी नळी) घाला. नाहीतर आवळताना भिंती आत दबतात आणि थोड्या सरावानंतर तोच बोल्ट हाताने फिरतो. हलकेपणासाठी भोकं पाडायची तर पाइपच्या उभ्या भिंतीच्या मधोमध पाडा. वरची-खालची बाजू आणि बेअरिंगच्या आजूबाजूचा धातू अजिबात कापू नका.

चेन लावणार असाल तर चेन ताणता यावी म्हणून मोटरच्या माउंटला लांबट स्लॉट ठेवा आणि दोन्ही स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकांवर) स्टीलची पट्टी टेकवून ते एका रेषेत आहेत का ते बघा.

थ्रीडी प्रिंटचे भाग पीएलएचे (प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकचे) असतील तर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्या ४५ अंशांच्या उन्हात उभी असलेली गाडी आतून तेवढी सहज तापते. भार घेणारे स्पेसर नायलॉनचे, लेथवर टर्न करून घ्या.

स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक नटवरून पाइपपर्यंत पेंट मार्करने एक रेघ ओढा, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली लांबूनच दिसेल. पेटीत दोन तयार शाफ्ट, चार बेअरिंग, मूठभर सर्क्लिप आणि सर्क्लिपचा पक्कड ठेवा.