एमआयडीसीच्या खालच्या अंगाला रान आहे? रब्बीचं पाणी सोडायच्या आधी एवढं करा
भावांनो, पाऊस उघडलाय, विहिरी भरल्यात, कांद्याची रोपं टाकायची घाई सगळ्यांनाच आहे, पण कुरकुंभ असो, वाळूज असो नाहीतर बुटीबोरी, कारखान्यांच्या उताराला तुमची विहीर असेल तर आधी पाणी तपासायला द्या. आणि एकदाच देऊन थांबू नका, आत्ता पावसानं पाणी पातळ झालेलं असतं म्हणून रिपोर्ट बरा येतो, तेच पाणी मे महिन्यात तळाला गेलं की दाट होतं, तेव्हा दुसरं सॅम्पल द्यायचंच.

शेजाऱ्याची विहीर चांगली आहे म्हणून आपलीही असेल असं धरू नका. खाली काळा पाषाण, पाणी भेगाभेगांतनं चालतं, एक विहीर गोड आणि बांधापलीकडचा बोअर नासलेला असं होतं.

सॅम्पल घेताना मोटर १०-१५ मिनिटं चालू द्या, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून गच्च भरा, गट नंबर आणि तारीख लिहा, २४ तासांच्या आत लॅबला पोचवा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षणवाल्यांकडं पीएच, ईसी (पाण्यात क्षार किती त्याचं माप), सोडियम कळतं, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम त्यात नसतं!! ते वेगळं मागून घ्यावं लागतं, त्याची ॲसिड घातलेली बाटली लॅबच देते, ती मात्र विसळायची नाही.

ईसी ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरच्या (रिपोर्टमध्ये dS/m) आत असेल तर काळजी नाही, २.२५ च्या वर गेली तर साधारण पिकाला ते पाणी नकोच. कांद्याला ०.८ च्या पुढंच फटका बसायला लागतो, द्राक्षाला १ च्या पुढं, गहू ज्वारी बरंच सोसतात, पण चिकण काळ्या रानात निचरा नसेल तर तेही धरून चालू नका, दोन-तीन वर्षांत रान चोपण होतं, म्हणजे सोडियमनं घट्ट बसतं आणि पाणी मुरत नाही. खारट पाणी स्प्रिंकलरनं देऊ नका, पानं करपतात, ड्रिप किंवा सरीनं द्या, आणि निदान उगवणीचं पाणी तरी कॅनॉलचं किंवा शेततळ्याचं मिळतंय का बघा. जिप्सम सोडियमवर चालतं, धातूंवर त्याचा काही उपयोग नाही.

धातू निघाले तर त्या पाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर अजिबात नको, पालेभाजी ते ओढून घेते आणि ती आपलीच पोरं खातात. प्यायलाही नको, जनावरांनाही नको. पाणी उकळून पितो म्हणणारी घरं मी बघितलीत, जीव तुटतो, कारण उकळून क्षार आणि धातू जात नाहीत, उलट पाणी आटल्यानं वाढतात, तुरटीनं फक्त गढूळपणा खाली बसतो.

पाण्याचा रंग किंवा वास बदललेला दिसला तर त्याच घडीला बाटली भरा, तारखेसकट व्हिडिओ काढा, ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, शक्यतो दहा-बारा जणांच्या सह्यांचा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.