एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वाचताना या चुका टाळा

त्या काळातली इंग्रजी पत्रं आणि कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांचे मसुदे मी कित्येक वर्षं तपासतो आहे. चुका त्याच त्या. शब्द ओळखीचा वाटला की कोश उघडायचा नाही, इथेच सगळं बिघडतं.

सर्वांत जास्त छळलं ते 'द ब्रिज इज बिल्डिंग' या रचनेनं. एका मुलीनं १८२०च्या आसपासच्या पत्रांचं काम घेतलं होतं. डावीकडे मूळ इंग्रजी, उजवीकडे मराठी. ही वाक्यं तिला चुकलेली वाटली. तिनं मूळ मजकुरातच 'इज बीइंग बिल्ट' करून टाकलं, वर तळटीप दिली की पत्रलेखकाचं व्याकरण कच्चं होतं. पानं छपाईला निघालेली. तीन रात्री बसून आम्ही एकेक दुरुस्ती मागे घेतली. 'पूल बांधला जातोय' हे सांगायची तेव्हाची रूढ रीतच ती होती! 'इज बीइंग बिल्ट' अठराव्या शतकाच्या अखेरीस लिखाणात दिसू लागलं आणि पुढच्या शतकात रुळत गेलं, तेव्हाही कित्येक व्याकरणकार त्याला ओबडधोबड म्हणत होते. आपली दुरुस्तीच त्यांना खटकली असती.

माझी सवय अशी: रचना विचित्र दिसली की समासात पेन्सिलीनं साल लिहायचं आणि त्याच दशकातल्या दुसऱ्या लिखाणात ती शोधायची. सापडली की हात आवरायचा.

'मेकिंग लव्ह' म्हणजे शय्यासोबत नव्हे. जेन ऑस्टेनच्या 'एमा'त मिस्टर एल्टन बग्गीत ते करतो, म्हणजे प्रेम व्यक्त करून लग्नाची गळ घालतो. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या 'कंडिसेन्शन'चे गोडवे गातो. आज हा शब्द तुच्छतेच्या वागण्याला लावतात. थोरांनी लहानांशी आपुलकीनं वागणं हा तेव्हा गुण होता. 'मॉर्निंग कॉल' म्हणजे कुणाच्या घरी दिलेली औपचारिक भेट, ती दुपारीही असे.

१८१०च्या माणसाच्या तोंडी 'सायंटिस्ट' घालू नका. हा शब्द इंग्रज विद्वान विल्यम ह्युएलचा, छापून आला १८३४मध्ये.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, म्हणजे त्यातलं इंग्रजीही तेव्हाचं, हे विसरू नका.

मोबाइलवर पटकन अर्थ बघणाऱ्यांना आजचा अर्थ आधी दिसतो. घाई असेल त्यानं हे काम घेऊच नये. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात जुना अर्थ आधी येतो, खाली सालांसह उतारे असतात. त्याचा पहिला भाग १८८४चा, अखेरचा १९२८चा. मी आधी उतारे वाचतो, मग व्याख्या.