रक्तदात्यांचा समूह फोनवर बांधायचा तर

फेसबुक पेज उघडा, लोगो लावा, शिबिराचे फोटो टाका. यात शिकवण्यासारखं काही नाही. ‘रोज एक पोस्ट टाका’ हा सल्ला मात्र कानाआड करा. आपल्याला लाइक नकोत. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं आटतात, तेव्हा फोन उचलणारी माणसं हवीत.

शिबिरातच नाव, रक्तगट, तालुका आणि मेसेज पाठवायची परवानगी लिहून घ्या. संस्थेचा नंबर तिथल्या तिथे सेव्ह करायला लावा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, ज्याच्याकडे आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच पोचते. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, म्हणून तालुका आणि रक्तगटाप्रमाणे वेगवेगळ्या करा. मोठा ग्रुप मी सुचवणार नाही. तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आठवड्याभरात ‘शुभ सकाळ’ सुरू होतं.

ब्लॉगवर लोकांच्या खऱ्या शंका घ्या: टॅटू काढलाय, शुगरची गोळी चालू आहे, चालेल का? उत्तर रक्तपेढीच्या डॉक्टरांकडून तपासूनच टाका.

घोळ होतो तो तातडीच्या मेसेजमध्ये. ‘अर्जंट, ओ निगेटिव्ह हवं, पुढे पाठवा’ — ना तारीख, ना गाव. असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. पेशंट घरी गेला, कधी गेलाच, तरी नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. म्हणून आधी रक्तपेढीला फोन करा: खरंच साठा नाही का, आणि रक्त हवंय की प्लेटलेट्स? प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही.

पहिल्याच ओळीत तारीख आणि ‘आज रात्री आठपर्यंतच’ अशी मुदत लिहा. मग हॉस्पिटल, गाव, रक्तगट, किती पिशव्या. पेशंटचं नाव, फोटो, आजार अजिबात नको. नंबर संस्थेचाच द्या. ‘फोटो टाकल्याशिवाय लोक हलत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. यादी नीट असेल तर हलतात. मेसेज त्याच तालुक्याच्या लिस्टला पाठवा. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन आणि स्त्रियांचे चार महिने व्हायचे असतील तर त्यांना वगळा.

गरज भागली की त्याच दिवशी त्याच लिस्टला कळवा आणि पेजवरच्या पोस्टच्या डोक्यावर ‘गरज भागली’ असं लिहा. पोस्ट डिलीट करू नका. पुढे गेलेल्या प्रती त्यानं पुसल्या जात नाहीत, आणि खातरजमा करायला पेजवर येणाऱ्याला काहीच सापडत नाही.

‘येतो’ म्हणून निघाले पण ज्यांची गरज पडली नाही, त्यांना नावानं वेगळा मेसेज करा. हे काम बहुतेक संस्था टाळतात, आणि मग पुढच्या वेळी कुणी उत्तर देत नाही म्हणून कुरकुरतात. मला विचाराल तर समूह बनतो तो इथेच.

रक्तदानाची तारीख यादीत लगेच चढवा. तीन-चार महिने भरले की आठवणीचा एकच मेसेज पुरे.