सहलीआधी चार मीटर सुतळी

साताऱ्यात निसर्ग सहल म्हटलं की बस कासला निघते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण सप्टेंबरच्या गर्दीत दुसरी-तिसरीच्या पोराला फुलांपेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. या वयाला तीच जागा पुन्हापुन्हा बघायला मिळाली पाहिजे. शाळेमागचा माळ किंवा ओढ्याकाठचा तुकडा चालतो.

24 मुलं असतील तर चौघांचे सहा गट करा, दोन गटांमागे एक मोठं माणूस. प्रत्येक गटाला 4 मीटर सुतळी, गाठीसाठी वीतभर जास्त, दर मीटरवर रंगाची खूण. खुणा चार कोपऱ्यांवर आल्या की एक चौरस मीटरची चौकट तयार. कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड ठेवा, पुढच्या महिन्यात हीच जागा सापडली पाहिजे.

आदल्या दिवशी जागा फिरून बघा. गाजरगवत दिसलं तर जागा बदला, त्याने खाज सुटते. दगड मुलांनी उलटायचे नाहीत, खाली विंचू असतो. मोठ्याने काठीच्या आकडीने दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता करावा, म्हणजे उघडी बाजू समोर जाते. मुलं पाठीशी उभी राहतील. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

वेळ सकाळी 8 ते 9. पहिली पाच मिनिटं हात मागे बांधून नुसतं बघायचं. मुलं हे करतात. बाईंना आणि गुरुजींनाच ‘हे बघ, ते बघ’ आवरत नाही. नावं लगेच सांगू नका. ‘ही हरळी’ म्हटलं की मुलांचं बघणं तिथेच थांबतं. मग दहा मिनिटं चित्र: चौकटीतली एकच गोष्ट, पानभर मोठी. बारकं भिंग दिलं तर ते डोळ्याजवळ धरायला शिकवा आणि वस्तू भिंगाकडे आणायला सांगा. नाहीतर मुलं हात लांब करून बघतात आणि अंधुक दिसतं म्हणून कंटाळतात. भिंग वाळल्या गवतात उन्हात पडू देऊ नका.

दिवाळीनंतर मोज्यांना कुसळं चिकटतील. आया वैतागतात, पण ती काढून मोजायला लावा आणि कुंडीत पेरा. काही उगवतील, काही पुढच्या पावसापर्यंत थांबतील.

फेब्रुवारीत चौकट उजाड दिसेल. तेव्हा वर्गाच्या वळचणीला, भुसभुशीत कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे इवले खड्डे शोधा. गवताच्या काडीने कडेची चिमूटभर माती आत पाडली की तळाशी दडलेली अळी डोक्याने माती उडवते. मुंगी घसरून खाली आली की तिला पकडते. अळी मोठी झाली की तिला पंख फुटतात आणि ती थोडी चतुरासारखी दिसते. अवकाळी पावसाची सर येऊन गेली असेल तर उघड्यावरचे खड्डे मोडलेले असतात, छपराखालीच बघा.